आगवाल्याचा प्रश्न

मन्सूर होडेकर एकोणीस वर्षं आगबोटीवर आगवाला होता. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभा राहून भट्टीला कोळसा घालणारा, ती विझू न देणारा आणि खालची राख ओढून काढणारा माणूस. वर डेकवर बंदरं येत होती, जात होती; मन्सूरला त्यातलं फारसं काही दिसलं नाही. घरी, रत्नागिरीच्या राजिवडा मोहल्ल्यात, कुणी कौतुकानं विचारलं, "मोंबासा कसा हाय हो?" तर तो खरं तेच सांगायचा, "गरम."

मग कोळशाच्या बोटी मोडीत निघायला लागल्या. नव्या बोटी तेलावरच्या. तेल नळीतून आपसूक आत जातं, जळतं, राख म्हणून ठेवत नाही. मन्सूर मुंबईला दहा महिने रोज रांगेत उभा राहिला, आणि दहा महिने त्याच्या आधी तेलवाल्यांची नावं पुकारली गेली. शेवटी पत्र्याची पेटी घेऊन तो रत्नागिरीला परत आला. साल होतं एकोणीसशे पंचावन्न. त्याचं वय एक्केचाळीस, हात दोन्ही शाबूत आणि त्या हातांना येत असलेलं एकच काम जगातून उठलेलं.

दुसरा कुणी असता तर ओटीवर बसून नशिबाला बोल लावत राहिला असता. मन्सूरनंही आठ दिवस तेच केलं. नवव्या दिवशी तो खाडीकडेला गेला, तर तिथं बाबूची लॉरी उभी. बाबू हा मिऱ्याकडचा ड्रायव्हर, बर्फातली मासळी कोल्हापूरला न्यायचा. तो लॉरीचं नाकाड उघडून, खाडीकडच्या विहिरीतून आणलेलं पाणी आत ओतत होता. मन्सूर जवळ गेला, वाकून वाकून बघू लागला.

"आग कुठं हाय?" त्यानं विचारलं.

"कसली आग?" बाबू दचकून मागं सरला.

"इंजन म्हंजे आग असंलच की. घालतो कोण? राखतो कोण?"

"मी नाय बा," बाबू म्हणाला, "मी फकस्त पेट्रोल घालतंय." आणि हसत हसत लॉरी सुरू करून निघून गेला.

बाबू गेला, पण प्रश्न गेला नाही. ज्या आगीला आगवाला लागत नाही ती आग असते तरी कशी, हे मन्सूरला एकदा बघायचं होतं. तिनंच तर त्याला घरी बसवलं होतं. चोरी झालेल्या माणसाला चोराचं तोंड बघावंसं वाटतं ना, तसंच काहीसं. आणि जोडीला साधा हिशोबीपणाही होता: रस्त्यावर मोटारी वाढत होत्या, आणि वाढतील तेवढ्या बिघडणार होत्या. त्यानं ठरवलं, मोटारीचं काम शिकायचं. आता शिकायचं कुठं, एवढंच राहिलं.

पहिली वाट टपालानं आली. मुंबईच्या एका संस्थेनं छापलं होतं की मोटारविद्या घरबसल्या मराठीतून शिकवू, शेवटी छापील दाखला देऊ. मन्सूरला बॉयलरच्या दाबाच्या घड्याळावरचे आकडे वाचता येत, अक्षरं येत नसत. पण त्याच्या बायकोला, आसियाला, येत होती. ती चौथीपर्यंत शिकलेली. मुलगी सुरय्या आदल्याच वर्षी लग्न होऊन गेलेली, तेव्हा घरात निवांतपणा होता. दुपारची भांडी झाली की आसिया पाय पसरून बसायची आणि धडा मोठ्यानं वाचायची. मन्सूर समोर मांडी घालून.

पहिल्या धड्यात मोटारीचा इतिहास होता. दुसऱ्यात भागांची नावं. "दट्ट्या," आसिया वाचायची, "हा सिलिंडरात वरखाली होतो." मग स्वतःच थांबायची. "का होतो?"

"वाच पुढं."

"पुढं नाय लिवलेला. पुढं झडपा हायत."

प्रत्येक धड्याबरोबर एक चिठ्ठी यायची, तीवर विद्यार्थ्यानं एक शंका लिहून पाठवायची. मन्सूरनं आसियाकडून लिहून घेतलं: आग कुठे असते आणि तिला कोण पाहतो? पंधरा दिवसांनी उत्तर आलं, छान वळणदार अक्षरात: हा भाग नवव्या धड्यात येईल.

"नववा धडा कधी येल?" मन्सूरनं विचारलं.

आसियानं बोटं मोजली. "गणपतीच्या आसपास."

मन्सूर चरफडला. आसियाला मात्र त्या कागदांची गोडी लागली होती. चुलीवर भाताचं झाकण उडायला लागलं की ती हातातलं काम टाकून त्या वरखाली होणाऱ्या झाकणाकडे बघत बसे, आणि भात करपे.

दुसरी वाट घेऊन करीमचं पत्र आलं. करीम हा आसियाचा भाऊ, मुंबईला असायचा. त्यानं एका मोठ्या मोटार कारखान्यात मेहुण्यासाठी शब्द टाकला होता. दोन वर्षं शिकायचं, राहायला गावच्या जमातीची मुंबईतली खोली, शेवटी पक्का दाखला. तो दाखला दाखवला की कुठंही काम. फक्त जागा जूनच्या एक तारखेला भरणार होती. आणि मेअखेरीची शेवटची बोट गेली की पावसाळाभर रत्नागिरीचं बंदर बंद. म्हणजे जायचं तर त्याच बोटीनं.

हे पत्र वाचताना आसियाचा आवाज धडा वाचतानासारखा नव्हता. लग्नाला अठरा वर्षं झाली होती. त्यातले नवऱ्याचे घरातले दिवस एकत्र केले तर अडीच वर्षंही भरली नसती. आता आणखी दोन वर्षं. पण नाही म्हणावं तर कोणत्या तोंडानं? घरात बसलेला नवरा काय असतो, हे तिनं ते आठ दिवस बघितलं होतं.

"तू काय म्हनतंस?" मन्सूरनं विचारलं.

"जावा म्हनून मी सांगायची नाय, नि ऱ्हावा म्हनूनपन नाय," ती म्हणाली. आणि पत्राची घडी घालता घालता म्हणाली, "पर धडा मना आता समजाय लागला होता."

बोटीला तीन आठवडे होते. मन्सूरनं म्हटलं, मुंबईला अगदीच कोरं जाण्यापेक्षा मोटार निदान हातानं चाचपून तरी जावं. बाबूच्या लॉरीत बसून तो हातखंब्याला गेला. तिठ्यावर, जिथं रत्नागिरीचा रस्ता मुंबई-गोव्याच्या रस्त्याला मिळतो, तिथं आत्माराम मिस्त्रीची खोप होती. झावळ्यांचं छप्पर आणि खाली जांभ्यात खोदलेला माणूसभर खड्डा. खड्ड्यावर मोटार उभी करायची आणि आपण आत उतरून तिचं पोट बघायचं. आत्माराम सुताराच्या घरातला. गाड्यांची चाकं करता करता लढाईत पलटणीत भरती झाला, तिथं मोटारी दुरुस्त करायला शिकला. मन्सूरपेक्षा सात वर्षांनी लहान, बोलायला तुटक, हात मात्र देवानं दिलेले. त्यानं मन्सूरला वरखाली बघितलं.

"दाखला-बिखला माज्याकडं मिळायचा नाय. माज्याकडंच नाय."

"मी आठ-पंधरा दिसांचा पावना. मुंबईस जातंय," मन्सूर म्हणाला. "फकस्त बघनार."

फक्त बघणार म्हणालेल्या माणसानं पहिल्याच सकाळी घोटाळा केला. बोटीच्या इंजिनघरात एक रीत असते. यंत्र चालू असताना त्याच्या सांध्यांना पंजा लावून बघायचं, कुठं तापलंय का. चालत्या लोखंडात हात घालून बरोबर वेळेला काढून घ्यायचा, हे अंगात मुरलेलं असतं. आत्मारामनं एक लॉरी सुरू केली, नाकाड उघडलं आणि तो पान्हा आणायला वळला. मन्सूरचा हात आपसूक पुढं गेला. पडला तो नेमका ठिणगीच्या तारेवर.

खोपीतल्या पत्र्याच्या डब्यांचा आवाज ऐकून आत्माराम धावत आला. मन्सूर डब्यांमध्ये उताणा, टोपी एकीकडे. आत्मारामचा चेहरा पांढराफटक.

"मन्सूरभाय! ती ईज असती, ईज!"

मन्सूर उठून बसला. कोपरापर्यंत हात झिणझिणत होता. पण तोंडावर असं हसू, की लागलं ते डोक्याला की काय, अशी आत्मारामला शंका आली.

"म्हंजे हीच काडी!" मन्सूर म्हणाला. "आग पेटवायची काडी! व्हय ना? आत तेल, नि ही काडी. मंग दर वेळला पेटवत्यात? इझली की परत?"

आत्मारामनं नऊ वर्षांत तारा बदलल्या होत्या, ठिणगीचे प्लग साफ केले होते, पण त्यांना काडी म्हणून कुणी ओळखलेलं त्यानं पाहिलं नव्हतं. पलटणीत कारण विचारायची पद्धत नव्हती. "व्हय," तो विचार करत म्हणाला, "दर वेळला. मिन्टाला हजारदा म्हना."

"हजारदा आग पेटवून हजारदा इझवायची!" मन्सूर पुटपुटला. त्याची सगळी हयात एकच आग विझू न देण्यात गेली होती. "मना बघायचीय ती."

"उघडल्याबिगर दिसायची नाय. नि चालता इंजन कोन उघडनार? बघू कधीतरी."

त्यानंतर तो रोज जाऊ लागला. भाकरी बांधून नेई, खड्ड्यात उतरे, नट उचलून देई. घरी आला की आसिया पाणी देतानाच विचारी, "आज काय उघडलांव?" आणि तो सांगे. धड्यातली नावं तिला पाठ, वस्तू त्यानं हाताळलेल्या. दोघं मिळून एक मोटार जुळत होती. पेटी भरायची राहून जात होती ती राहूनच जात होती.

बोटीला सहा दिवस उरले असताना बाबूची लॉरी धापा टाकत तिठ्यावर आली. नाकाडातून वाफ. रत्नागिरीचा चढ चढून आलं की हे रोजचंच झालं होतं. आत्मारामनं पंखा बघितला होता, पट्टा बदलला होता, पाण्याचा पंप खोलून परत बसवला होता. त्यानं आता डोक्याला हात लावला. मन्सूरनं मात्र पुढच्या टाकीचं पाणी निवू दिलं, त्यात बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अरे, काय करतांव!" बाबू ओरडला.

"खारा हाय," मन्सूर म्हणाला. "बाबू, पानी कुठला घालतोस? खाडीवरच्या हिरीचा ना?"

बाबू ओशाळला. मे महिन्यात त्या विहिरीला खाडीचं पाणी लागतं, ती मचूळ होते, हे राजिवड्यातल्या बायकांना ठाऊक होतं; लॉरीला चव कुठली, असं बाबूनं धरलं होतं. बोटीवर बॉयलरच्या पाण्याचा थेंब जिभेवर ठेवायची मन्सूरला सवय होती. खारं लागलं की समजायचं, कुठंतरी समुद्र आत शिरलाय. पाण्याची वाफ होऊन जाते आणि खार नळ्यांना आतून चिकटतो. मग पाणी फिरत नाही आणि लोखंड तापतं.

"उपाय?" आत्मारामनं विचारलं.

"सोडा. धुवायचा सोडा पान्यात घालून उकळवायचा, मंग धुवायचा. बोटीवर तोच करतांव."

"किती घालायचा?"

इथं मन्सूर चुकला. बोटीवर बादलीनं मोजायची सवय, बॉयलर घराएवढा. त्याच हातानं त्यानं घागरभर पाण्याच्या टाकीत सोडा ओतला. दुपारपर्यंत खार निघाला खरा, पिवळा चिखल होऊन भळाभळा वाहिला. पण त्या खारानंच बुजलेली टाकीची जुनी भोकंही त्याबरोबर उघडी पडली. तीन ठिकाणी धार लागली. लॉरी अडली, मासळी दुसऱ्या गाडीत भरावी लागली, बाबूनं तिठ्यावर उभं राहून आगवाल्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

मन्सूरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परक्याच्या दारात, परक्याची वस्तू. त्यानं टोपी उचलली. "मिस्त्री, माफ करा. मी उद्यापास्नं येत नाय."

आत्माराम टाकी मांडीवर घेऊन कथलानं भोकं बुजवत होता. त्यानं मान वर केली नाही. "भोकं काय तुमी पाडलीत? होतीच ती. तुमी दाखवलीत." मग कथलाचा थेंब नीट बसल्यावर म्हणाला, "पर मना एक सांगा. पानी जाता नि खार मागं का ऱ्हाता?"

मन्सूरनं टोपी परत खाली ठेवली. मग बसला. मिठागराचं उदाहरण देऊन त्यानं सांगितलं, आसियाच्या भांड्याच्या बुडाला धरणाऱ्या पांढऱ्या थराचं सांगितलं. आत्माराम ऐकत होता, मध्येच एखादं 'का' टाकत होता. दुसऱ्या दिवशी दुरुस्त टाकी लावून लॉरी चढ चढून आली आणि वाफ आली नाही. बाबूनं आदल्या दिवशीचं एकही अक्षर मागं घेतलं नाही, फक्त मन्सूरला विडी दिली.

तरीही मन्सूर मुंबईला जायचाच होता. एका टाकीनं आयुष्य चालत नाही हे त्याला कळत होतं. वर्षं थोडी उरलेली, वाट एकदाच निवडायची. चुकली तर पुढं गोदीत हमाली. दाखला असला तर माणसाला कुणी विचारतं. आत्मारामनंही शेवटच्या दिवशी तेच सांगितलं. "तिथं मशिनी असतात मोठ्या. जावा. इथं खड्डा नि मी."

"आग बघायची ऱ्हायली," मन्सूर म्हणाला.

आत्माराम पान्हा घेऊन खड्ड्यात उतरला.

बोटीच्या सकाळी मन्सूर आणि आसिया पेटी घेऊन बंदरावर आले. समुद्राला आताच गढूळपणा आला होता. बोट लांब उभी होती, पडाव माणसं भरून तिच्याकडे जात होते. आसियानं वाटेसाठी घावणे बांधून दिले होते आणि ओढणीच्या आत धड्यांचं पुडकं धरलं होतं. ते त्याला द्यावं की आपल्याकडे ठेवावं, हे तिचं ठरत नव्हतं. तेवढ्यात मागून भोंगा वाजला. बाबू लॉरी थांबवून उतरला.

"मन्सूरभाय, मिस्त्रीनं सांगावा दिलाय. खोपीमागं त्या शेट्यांची जुनी लॉरी बंद पडून हाय ना? तिच्या इंजनावरचा टोप काडलाय त्यानं पहाटे उठून. म्हनला, त्यांना सांग, आग उघडून ठेवलीय. बोट चुकवा म्हनला नाय हां, मी उगा पाप घेत नाय. नुसता सांगायला सांगितलान."

पडाववाला हाका मारत होता. मन्सूर पेटीवर हात ठेवून उभा. आयुष्यात त्याला कुणी काही दाखवायला म्हणून कधी थांबून राहिलं नव्हतं. काम सांगत, काम झालं की जा म्हणत. मुंबईच्या कारखान्यात दोन वर्षं शिकवतील, पण पहाटे उठून त्याच्यासाठी म्हणून इंजिन कोण उघडणार होतं? त्यानं आसियाकडे बघितलं.

"माज्याकडं काय बघतांव?" आसिया म्हणाली. "मना पन बघायचीय."

आणि ती पडावाकडे पाठ करून लॉरीकडे चालू लागली. राजिवड्यातली बाई लॉरीत पुढं ड्रायव्हरशेजारी बसली, हे त्या दिवशी बंदरावर पुष्कळांनी पाहिलं आणि पुढं वर्षभर सांगितलं. पेटी मागं मासळीच्या टोपल्यांत गेली. बोटीचा भोंगा झाला तेव्हा लॉरी गावाबाहेर पडून चढाला लागली होती. मन्सूरनं तो ऐकला. आसियानं त्याचा हात धरला, भर उजेडात, बाबूदेखत.

खोपीत आत्माराम हात पुसत उभा होता. बाईमाणूस बघून तो गडबडला, एक रिकामा डबा पुसून पुढं केला. आसिया बसली नाही. दोघं नवराबायको त्या उघड्या इंजिनावर वाकली. चार गोल भोकं, आणि प्रत्येकात एक काळा दट्ट्या.

"इथं," आत्माराम म्हणाला. "इथं पेटती."

"एवढीशी?" आसिया म्हणाली. "माजी चूल मोठी."

मन्सूरनं एका भोकात बोट घातलं, दट्ट्याच्या माथ्यावरून फिरवलं आणि नाकाला लावलं. काजळीच ती. एकोणीस वर्षं अंगाला येत होता तोच वास. त्यानं डोळे मिटून घेतले. ज्या आगीनं त्याला घरी बसवलं, ती ही, वाटीएवढी.

आसिया अजून वाकूनच होती. धड्यात कुठंही न लिहिलेलं तिला दिसलं होतं. तिनं बोट केलं. "हा काळा थर दाट बसलाय. मंग ह्याची राख कोन काडतो?"

आत्माराम पहिल्यांदाच हसला. "ता काम असताच की, वयनी. पाच-सहा हजार मैल झालं की टोप काडून खरवडायला लागता. नायतर इंजन ठोकाय लागता. लई वंगाळ काम, कुनाला नको असता ता."

मन्सूरनं डोळे उघडले. कुणी काही सांगायच्या आत त्यानं मुंबईला जायचं म्हणून घातलेला चांगला सदरा काढून नीट खुंटीला लावला. मग आत्मारामपुढं हात पसरला.

"खरवडनी कुठं हाय?" त्यानं विचारलं.